फेतियेत संध्याकाळी जेवायला बाहेर पडताना

आपल्या तुर्कस्तान सहलीत फेतियेच्या तिन्ही रात्रींचे जेवण आम्ही मुद्दामच पॅकेजमध्ये धरलेले नाही. हॉटेलचा बुफे कुठल्याही किनाऱ्यावर साधारण सारखाच असतो. फेतियेचा मासळी बाजार मात्र फेतियेतच पाहायला मिळतो, आणि तिथे न जेवता कुणी परतावे असे आम्हाला वाटत नाही.

मासळी बाजार

चौकाच्या मधोमध मासळीचे ठेले आणि चहूबाजूंनी खानावळी. मासा ठेल्यावर निवडायचा, तोलून, साफ करून घ्यायचा, पैसे तिथेच द्यायचे आणि मग तो भोवतीच्या कुठल्याही खानावळीत न्यायचा. तिथे माणशी ठरावीक करणावळ घेऊन तो भाजून किंवा तळून देतात. करणावळ किती आणि त्यात कोशिंबीर, पाव येतात का, हे बसण्याआधी विचारा. वेटर चारी बाजूंनी हाका मारतात; हसून पुढे गेलात तरी कुणी वाईट मानत नाही.

मासा पारखायची रीत आपलीच: डोळे स्वच्छ, कल्ले लाल. 15 एप्रिल ते 31 ऑगस्ट मोठ्या बोटींना मासेमारीची बंदी असते, त्यामुळे उन्हाळ्यात ठेल्यावर जास्त करून पाळलेले लेव्रेक (सी बास) आणि चिपुरा (सी ब्रीम) हे मासे दिसतील. दोन्ही चविष्ट आणि कमी काट्यांचे. मसाला नसतो; मीठ, ऑलिव्ह तेल, लिंबू एवढेच. तिखट हवे तर ‘पुल बिबेर’ मागा, म्हणजे भरड लाल मिरची.

शाकाहारी पाहुण्यांसाठी

इथे उपाशी राहायची वेळ येत नाही, पण नीट विचारावे लागते. ‘एतसिझ’ म्हणजे मांसाविना. मात्र पुष्कळ जणांच्या लेखी कोंबडी म्हणजे ‘एत’ नव्हे, म्हणून ‘तावुक’ही नको असे वेगळे सांगा. मसुराचे सूप (मेर्जिमेक चोरबासी) कधी कधी मांसाच्या पाण्यात शिजवतात. ‘एत सुयु वार मि?’ असे विचारून मगच घ्या. भरल्या वांग्याचे दोन प्रकार दिसायला जवळपास सारखे असतात: ‘इमाम बायिल्दी’ कांदा-टोमॅटोचे, ऑलिव्ह तेलातले, गार वाढलेले, ‘कार्नियारिक’मध्ये खिमा असतो.

मंगळवारच्या आठवडी बाजारात बायका पातळ पोळी लाटून त्यात सारण घालून भाजतात, ती ‘गोझलेमे’. पालकाची किंवा चीजची घ्या. चीजला तिथे ‘पेयनिर’ म्हणतात, म्हणजे आपला पनीरच शब्द, फक्त चव खारट. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी ‘सोआन’ आणि ‘सारिमसाक’ हे दोन शब्द पाठ करावेत. मेझेच्या, म्हणजे जेवणाआधी येणाऱ्या छोट्या पदार्थांच्या, बहुतेक वाट्यांत लसूण असतो, म्हणून त्यांच्यासाठी साधी चीजची गोझलेमे सर्वांत सुरक्षित.

पैसे

लिरातले दर सारखे बदलतात, म्हणून इथे आकडे छापलेले नाहीत. दरपत्रक पाहूनच बसा. पाण्याची बाटली बिलात लागते. बिल मागताना ‘हेसाप’ म्हणा, आपला हिशेबच तो. सेवा आवडली तर पाच ते दहा टक्के रोख ठेवावेत.

पहिल्या संध्याकाळी मासा निवडायला आमचा माणूस सोबत येईल. सात वाजता हॉटेलच्या दारात भेटा.