पुन्हा पुन्हा अंक पहिला

३१ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेतल्या डीसी कॉमिक्स या प्रकाशनाने ‘जस्टिस लीग’चा नवा पहिला अंक काढला आणि पुढच्या महिन्याभरात सुपरहिरोंची चालू मासिकं थांबवून ५२ मासिकांचे पहिले अंक दुकानांत आणले. मोहिमेचं नाव ‘न्यू ५२’. १९३८पासून निघत असलेलं ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ ९०४ अंकांवर थांबलं, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ ८८१वर, आणि दोन्हींच्या मुखपृष्ठावर पुन्हा १ हा आकडा आला. सुपरमॅनची लाल चड्डी गेली, गळ्याशी उभी कॉलर आली, अंगावर चिलखताच्या रेषा आल्या. लॉइस लेनशी १९९६ साली झालेलं त्याचं लग्न कधी झालंच नव्हतं, असं ठरलं.

चाहते चड्डीवरून चिडले, असं अजूनही म्हटलं जातं. पोशाख आधी डोळ्यांत भरतो, म्हणून बोलणं तिथून सुरू होतं इतकंच. खरं दुखणं कुठे आहे हे पाहायचं तर फ्लॅशची, म्हणजे डीसीच्या विजेच्या वेगाने धावणाऱ्या सुपरहिरोची, गोष्ट मुळापासून बघावी लागते.

पहिला फ्लॅश म्हणजे १९४० सालचा जे गॅरिक. महायुद्धानंतर सुपरहिरोंची मागणी ओसरली आणि त्याचं मासिक बंद पडलं. १९५६ मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी फ्लॅश परत आणला, पण नाव तेवढं जुनं ठेवलं. माणूस नवा, बॅरी अ‍ॅलन, आणि पोशाखही नवा. आजच्या भाषेत हा रिबूटच, म्हणजे जुनी गोष्ट पुसून नव्याने सुरुवात. त्यावर मोठी ओरड झाली नाही, कारण कॉमिक्स वाचणारी मुलं चार-पाच वर्षांत वाचन सोडतात असंच प्रकाशक धरून चालत. तरीही त्या पहिल्या गोष्टीत बॅरी जे गॅरिकचं कॉमिक वाचताना दिसतो. १९६१ मध्ये तर दोघांची गाठच घालून दिली: जे दुसऱ्या पृथ्वीवर राहतो, असा खुलासा झाला. ज्यांनी लहानपणी जे वाचला होता, त्यांची गोष्ट कुणी पुसली नाही. ती शेजारच्या पृथ्वीवर सुखरूप राहिली.

अशा पृथ्व्या वाढत गेल्या आणि नव्या वाचकाला काही कळेनासं झालं. म्हणून १९८५-८६ मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ हे १२ अंकांचं कथानक रचलं. सगळ्या पृथ्व्या मिळून एक झाली. सातव्या अंकात सुपरगर्ल मेली, आठव्यात बॅरी. सुपरगर्लवर झालेला अन्याय मला आजही सलतो: ती नुसती मेली नाही, पुढे नव्या इतिहासात ती कधी होतीच नाही असं झालं.

बॅरीचं तसं झालं नाही. त्याच्या बायकोचा भाचा वॉली वेस्ट १९५९पासून ‘किड फ्लॅश’ म्हणून त्याच्यासोबत धावत होता. त्याने काकाचा पोशाख अंगावर घेतला. पुढची कित्येक वर्षं त्या मासिकाचा विषयच हा होता: आपण त्याच्याइतके कधी होऊ का, आणि झालो तर त्याला मागे टाकल्यासारखं होईल का. वॉली चुकत चुकत मोठा झाला, त्याने लिंडा पार्कशी लग्न केलं, त्यांना जुळी मुलं झाली. १९८७ नंतर वाचू लागलेल्या एका अख्ख्या पिढीसाठी फ्लॅश म्हणजे वॉलीच.

मराठी वाचकाला ही रीत नवी नाही. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समुळे ली फॉक यांचा वेताळ आपल्याकडे घरोघरी पोचला होता. तो एकविसावा वेताळ. बाप जातो, मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, गुहेतल्या बखरीत आधीच्या सगळ्यांची नोंद राहते. मुखवट्याआडचा माणूस बदलतो, पण बदलला हे गोष्टीला ठाऊक असतं.

२०११ मध्ये नेमकं हेच तुटलं. बॅरी त्याआधीच परत आला होता. ‘फ्लॅशपॉइंट’ या कथानकात काळ नव्याने लिहिला गेला आणि वॉली नाहीसा झाला. मरण नाही, निरोप नाही, मागे राहिलेल्या कुणाचं दुःख नाही. लिंडाशी लग्न नाही, मुलं नाहीत.

पूर्वी बॅटगर्ल असलेल्या बार्बरा गॉर्डनबाबतही तसंच. १९८८ मध्ये जोकरच्या गोळीने ती अपंग झाली. पुढच्याच वर्षी जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल यांनी तिला ‘ओरॅकल’ म्हणून उभं केलं: व्हीलचेअरवरून सगळ्या सुपरहिरोंना माहिती पुरवणारी, त्यांच्यातली कदाचित सर्वांत हुशार व्यक्ती. दोन दशकांहून अधिक काळ अनेक अपंग वाचकांनी तिच्यात स्वतःला पाहिलं. ‘न्यू ५२’मध्ये ती पुन्हा चालू लागली आणि बॅटगर्ल झाली. ते अंक गेल सिमोन यांनी मनापासून लिहिले, हे मान्य. पण असं पात्र दुसरं कुठे होतं?

प्रकाशकांचं गणित सरळ होतं. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून कॉमिक्सच्या मासिक अंकांचा धंदा मुख्यतः खास दुकानांतून चालतो. दुकानदार माल विकत घेतो, न विकलेले अंक सहसा परत करता येत नाहीत, आणि सर्वांत जास्त खपतो तो पहिला अंक. ७० वर्षांच्या इतिहासाची भिंत नवख्याला अडवते, हेही खोटं नाही. खप सुरुवातीला जोरात वाढला, मग उतरत गेला. डीसीची प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हलनेही हे केलं आहे. २००७ मध्ये ‘वन मोअर डे’त पीटर पार्कर (म्हणजे स्पायडरमॅन) आणि मेरी जेनचं २० वर्षांचं लग्न सैतानाशी सौदा करून पुसलं गेलं, आणि ती जखम स्पायडरमॅनच्या वाचकांत अजून भरलेली नाही.

२०१४ मध्ये वॉली वेस्ट हे नाव एका नव्या कृष्णवर्णीय मुलाला देण्यात आलं. त्या मुलाचा काहीच दोष नव्हता. चांगलं पात्र होतं ते, पण हरवलेल्या माणसाच्या जागी त्याला उभं केल्यामुळे त्यालाही न्याय मिळाला नाही.

मग २५ मे २०१६ रोजी लेखक जेफ जॉन्स यांचा डीसीचा ‘रीबर्थ’ अंक आला. त्यात जुना वॉली काळाच्या बाहेर अडकलेला आहे आणि कुणाला तरी आपली आठवण यावी म्हणून धडपडतो आहे. तो लिंडाकडे जातो, ती त्याला ओळखत नाही. शेवटी तो बॅरीसमोर येतो, आभार मानून निरोप घ्यायला. आणि बॅरीला आठवतं. मी ते पान वाचताना रडलो. पाच वर्षं वाचक जे सांगत होते, ते त्या अंकाने वॉलीच्या तोंडून सांगितलं होतं.

त्याच वर्षी अ‍ॅक्शन आणि डिटेक्टिव्हचे जुने क्रमांक परत आले. २०१८ मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकात लाल चड्डीही परतली. पण वॉलीचे भोग संपले नव्हते. २०१८-१९च्या ‘हीरोज इन क्रायसिस’मध्ये, मनाने खचलेल्या सुपरहिरोंच्या उपचारकेंद्रात झालेल्या हत्याकांडाचं मूळ त्याच्यात निघालं. ज्याला परत मिळवण्यासाठी इतकी वाट पाहिली, त्याचे हात असे रक्ताने माखलेले पाहून अनेकांनी वाचनच सोडलं. मीही वर्षभर दुकानाची पायरी चढलो नाही.

मार्च २०२१ मध्ये ‘इन्फिनिट फ्रंटियर’पासून डीसीने आधी घडलेलं सगळं पुन्हा खरं धरलं. त्याच वर्षी फ्लॅशच्या मासिकाचा नायक पुन्हा वॉली झाला. घरी लिंडा आहे, जुळी आयरिस आणि जय आहेत, आणि त्या सगळ्यांना सगळं आठवतं.