ऑफ-रोड वाहनांसाठी ट्रेलरची निवड

ऑफ-रोड वाहनांसाठी ट्रेलर : खडकाळ, वाळवंटी किंवा जंगलातील वाटांवर चालवायची जीप, साइड-बाय-साइड (शेजारीशेजारी आसने असलेली हलकी ऑफ-रोड गाडी) वा एटीव्ही (मोटारसायकलसारखी स्वार होऊन चालवायची चारचाकी) पक्क्या रस्त्याने त्या वाटेच्या तोंडापर्यंत नेण्यासाठी पिकअप ट्रकच्या मागे जोडायचा, स्वतःचे इंजिन नसलेला गाडा. ही प्रथा मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत वाढली. युटामधील मोॲब येथे १९६७ पासून ईस्टर जीप सफारी भरते. कॅलिफोर्नियात रुबिकॉन ट्रेल ही खडकाळ वाट आहे, इम्पीरियलच्या वाळूच्या टेकड्या आहेत, आणि जॉन्सन व्हॅलीत २००७ पासून किंग ऑफ द हॅमर्स ही शर्यत होते. या जागा मोठ्या शहरांपासून दूर. खडकांसाठी मोठे टायर आणि जड गिअरिंग बसवलेली जीप हमरस्त्यावर तासन्‌तास चालवणे त्रासाचे असते, आणि साइड-बाय-साइड तर हमरस्त्यासाठी बनवलेलीच नसते. शिवाय खडकांतून परतताना ॲक्सल तुटलेला असू शकतो. तुटलेले वाहन घरी आणता येणे, हा ट्रेलरचा निम्मा उपयोग आहे.

निवड करताना बहुतेक जण डेकची, म्हणजे वाहन उभे करायच्या सपाट फळीची, लांबी आणि किंमत आधी पाहतात. खरा क्रम उलटा आहे. आधी ओढणाऱ्या ट्रकला किती भार पेलतो ते पाहावे, मग वाहनाचे भरलेल्या अवस्थेतील वजन, आणि शेवटी ट्रेलर.

वजनाचे गणित : प्रत्येक ट्रेलरवर कमाल एकूण वजनमर्यादेची पट्टी असते, आणि त्या आकड्यात ट्रेलरचे स्वतःचे वजनही धरलेले असते. इथेच सर्वाधिक फसगत होते. ३,५०० पौंडांचे दोन ॲक्सल असलेला ७,००० पौंडी (सु. ३,१७५ किग्रॅ.) ट्रेलर सर्रास विकला जातो. तो पोलादी असून स्वतः २,२०० पौंडांचा असेल, तर मालासाठी ४,८०० पौंड उरतात. रँग्लर रुबिकॉन या जीपच्या चार दारी मॉडेलला विंच (दोर गुंडाळून वाहन ओढणारे यंत्र), पोलादी बंपर आणि ३७ इंची टायर चढवले की ती एकटीच ५,००० पौंडांच्या आसपास जाते. त्यावर सुटे टायर, हत्यारे, पाणी आणि इंधनाचे कॅन. म्हणजे ‘सात हजारी’ ट्रेलर तिच्यासाठी पहिल्या दिवसापासून अपुरा. अशा जीपसाठी ५,२०० पौंडांच्या दोन ॲक्सलचा, ९,९९० पौंडांचा ट्रेलर घ्यावा. १०,००० च्या किंचित खाली ठेवलेला हा आकडा परवान्याच्या नियमांमुळे आला आहे : ट्रक आणि ट्रेलर यांची एकत्रित मर्यादा २६,००० पौंडांवर आणि ट्रेलरची १०,००० पौंडांवर गेली, की व्यावसायिक परवान्याचा वरचा वर्ग लागू होतो.

दांडीवरचा भार : बॉल-हिचच्या ट्रेलरमध्ये भरलेल्या वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे ट्रकच्या हिचवर पडला पाहिजे. तो कमी पडला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलू लागतो, आणि हे डोलणे वाढत जाऊन ट्रकलाही फिरवून टाकू शकते. मागे जड भरलेली बैलगाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलले जाते, तेच इथे हिचवर घडते. फरक वेगाचा आहे, आणि ताशी ६० मैलांना तो जिवावर बेतू शकतो. डोलणे सुरू झाल्यास ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरावे आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधील कंट्रोलरवरून हाताने लावावेत.

हा भार ट्रकच्या वहनक्षमतेतून वजा होतो. वरील जीप, २,२०० पौंडांचा ट्रेलर आणि ५०० पौंड सामान मिळून ७,७०० पौंड (सु. ३,५०० किग्रॅ.) होतात. त्याचे १२ टक्के म्हणजे सुमारे ९२५ पौंड. चालकाच्या दारावरील पट्टी ट्रकची वहनक्षमता १,५०० पौंड सांगत असेल आणि आत चार जण मिळून ७०० पौंडांचे असतील, तर जाहिरातीत लिहिलेली ओढण्याची क्षमता कितीही असो, तो ट्रक भरून वाहिला आहे. दारावरची पट्टी हाच विश्वासाचा आकडा.

डेकची लांबी म्हणूनच महत्त्वाची ठरते. चार दारी रँग्लर सुमारे १५.७ फूट लांब आहे. १६ फुटी डेकवर ती बसते, पण पुढेमागे सरकवायला जागा उरत नाही आणि दांडीवरचा भार नशिबावर सोडावा लागतो. १८ किंवा २० फुटांवर तो हवा तसा साधता येतो. जीपचे इंजिन पुढे असते, म्हणून ती सरळ चढवतात. बऱ्याच साइड-बाय-साइडचे इंजिन मागे असते. ती सरळ चढवली तर पुरेशी पुढे घ्यावी लागते, आणि जागा नसेल तर उलटी चढवणे बरे.

रुंदीच्या बाबतीत, दोन मडगार्डांमधील अंतर सहसा ८३ इंच असते. मूळ रँग्लर जेमतेम ७४ इंचांची. रुंद टायर लावले की दोन्ही बाजूंना चार बोटे जागाही राहत नाही आणि मडगार्डामुळे दार उघडत नाही. काढता येणारे मडगार्ड हा त्यावरचा चांगला उपाय. चाकांच्या वर डेक असलेला ट्रेलर कायदेशीर १०२ इंचांची पूर्ण रुंदी देतो, पण जीप उंचावर जाते आणि गुरुत्वमध्यही. साइड-बाय-साइडची रुंदी साधारण ५० ते ७२ इंच असते. अशा एकट्या वाहनाला एका ॲक्सलचा हलका ट्रेलर पुरतो.

ब्रेक व टायर : अनेक राज्यांत ३,००० पौंडांपुढे ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासूनच. २,९९० पौंडांचे बिनब्रेकचे ट्रेलर बाजारात का दिसतात, ते यावरून कळते. कायद्याने सूट दिली तरी डोंगर देत नाही. डेन्व्हरहून मोॲबकडे जाणारा आय-७० हा महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी ११,१५८ फुटांवर पोचतो आणि दोन्ही बाजूंना ७ टक्क्यांपर्यंतचा उतार आहे. चढताना टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना सुमारे ३ टक्के शक्ती गमावते, उतरताना ब्रेक तापतात. दोन्ही ॲक्सलना विद्युत ब्रेक, ट्रकमध्ये मंदीच्या प्रमाणात ब्रेक लावणारा कंट्रोलर आणि ट्रेलर सुटल्यास आपोआप ब्रेक लावणारा खटका, एवढे असल्याशिवाय जड जीप घेऊन या वाटेला जाऊ नये.

टायरवर विक्रेते हमखास बचत करतात. एसटी (खास ट्रेलरसाठीचा) २०५/७५आर१५ मापाचा ‘सी’ भारश्रेणीचा टायर १,८२० पौंड पेलतो. चार मिळून ७,२८०, म्हणजे सात हजारी ट्रेलरला जवळपास काहीच शिल्लक नाही. ‘डी’ श्रेणीचे चार ८,६०० पौंड पेलतात. किमतीतला फरक अगदी थोडा असतो, आणि तो नक्की द्यावा.

प्रकार : उघडा ट्रेलर हलका, स्वस्त आणि बहुतेकांना पुरेसा. बंदिस्त ट्रेलर चोरी-पावसापासून वाचवतो, पण वजन आणि वाऱ्याचा रेटा वाढवतो. वायोमिंगमध्ये आय-८० हा रस्ता वादळी वाऱ्यात उंच, हलक्या वाहनांना बंद करतात. डेकचे मागचे टोक उतरते ठेवण्याची पद्धत बुटक्या मोटारींसाठी आहे. उंच जीपला तिची गरज नाही, आणि ते टोक वाळवंटातल्या खोलगट रस्त्यांवर घासते. पाट्यांच्या स्प्रिंगा दोन ॲक्सलमध्ये भार वाटून घेतात आणि कुठेही दुरुस्त होतात. कच्च्या वाटेने तळावर जाणाऱ्यांनी त्याच निवडाव्यात. पुढच्या टोकाला विंच असावा, कारण मोडलेली जीप स्वतः चढत नाही.

बांधणी : व्यावसायिक वाहतुकीच्या अमेरिकी संघीय नियमांनुसार वाहन डेकला बांधायच्या पट्ट्यांची एकत्रित भार पेलण्याची मर्यादा मालाच्या निम्म्या वजनाइतकी तरी हवी आणि वाहन पुढून व मागून बांधलेले हवे. चारही कोपऱ्यांत चार पट्टे ही चांगली सवय. लांब स्प्रिंगांच्या जीपला चाके किंवा ॲक्सल बांधावेत. चौकट बांधली तर खड्ड्यांत स्प्रिंग दबून पट्टा सैल पडतो. सुरक्षा-साखळ्या दांडीखालून एकमेकींवर फुली करून लावतात.

भारतात स्वतःच्या गाडीमागे असा ट्रेलर ओढण्याची पद्धत रुजलेली नाही. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेसारख्या ठिकाणी वाहन दुरून आणायचे, तर सपाट पाठीच्या ट्रकचा पर्याय असतो. जीप ट्रकच्या स्वतःच्या चौकटीवर बसते, त्यामुळे दांडीवरच्या भाराचा प्रश्न तिथे उद्भवत नाही.

जुना ट्रेलर घेताना वजनमर्यादेची पट्टी, दांडीच्या सांध्यांवरील वेल्डिंग, बेअरिंगचे ग्रीस आणि टायरवरील निर्मितीची तारीख पाहावी. पट्टी नसेल तर तो किती पेलतो हे विक्रेत्याच्या शब्दावर ठरवू नये. असा ट्रेलर सोडून द्यावा.