बेट्टाचा प्लांटेड टँक

बेट्टाचा प्लांटेड टँक म्हणजे जिवंत पाणवनस्पतींनी भरलेली, संथ पाण्याची काचेची टाकी. ती साधारण २० ते ४० लिटरची असते आणि तिच्यात एकच बेट्टा राहतो. आपल्याकडे दुकानांत हा मासा ‘फायटर’ या नावाने मिळतो. शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स. बरणीत किंवा प्लास्टिकच्या पेल्यात ठेवून तो विकला जात असल्याने त्याला एवढेच पाणी पुरते, असा समज पसरला आहे. तो समज चुकीचा आहे. का, ते माशाच्या मूळ घराकडे पाहिले की कळते.

हे घर म्हणजे मध्य थायलंडमधील चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातील दलदली, कालवे आणि भातखाचरे. पाणी उथळ, पण दूरवर पसरलेले. तळाशी चिखल, मध्ये गवत आणि देठ, वर तरंगती पाने. कोकणात पावसाळ्यात बांधावर बसून खाचरातले पाणी न्याहाळलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही. अशा कोमट, साचलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. बेट्टाच्या कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा घड्या पडलेला अवयव असतो. मासा पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतो आणि तिच्यातला प्राणवायू या अवयवातून रक्तात जातो. म्हणून बरणीतला बेट्टा गुदमरत नाही. पण त्याच बरणीत त्याने सोडलेला अमोनिया साचत जातो, आणि थंडीच्या रात्री एवढेसे पाणी पाहता पाहता गार पडते. या दोन्हींपुढे लॅबिरिंथचा काही उपयोग नसतो.

थायी भाषेत बेट्टाला ‘प्ला कात’, म्हणजे चावणारा मासा, म्हणतात. झुंजीसाठी तो फार पूर्वी माणसाळवला गेला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने हा काळ किमान १,००० वर्षांमागे नेला. आजचे शास्त्रीय नाव चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० मध्ये दिले. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर जाहीर केले. रानातला बेट्टा आखूड परांचा आणि मातकट असतो. लांब झालरीचा व्हेलटेल, अर्धवर्तुळाकार शेपटीचा हाफमून, काटेरी कडांचा क्राउनटेल ही सगळी माणसाने निवडून घडवलेली रूपे आहेत. टँक मांडताना हे लक्षात ठेवावे लागते: एवढ्या जड परांचा मासा लवकर दमतो, वाहत्या पाण्यात त्याची फरफट होते आणि विसाव्याला त्याला पृष्ठभागाजवळचे रुंद पान हवे असते. प्लास्टिकच्या झाडांच्या धारदार कडांनी त्याचे पर फाटतात.

वनस्पती आणि मासे एकमेकांना सांभाळतात, हा विचार जुना आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९-५० मध्ये दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचे रोप एकत्र ठेवून पाहिले. कुजणाऱ्या पानांनी पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या आणि पाणी निवळले. पुढे अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी तळाशी साधी माती वापरून वनस्पतींकडूनच पाणी स्वच्छ ठेवण्याची पद्धत लोकप्रिय केली. जपानचे टाकी-सजावटकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांच्या शैलीतील टँक देखणे असतात, पण त्यांना कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, प्रखर प्रकाश आणि सतत छाटणी लागते. बेट्टासाठी वॉलस्टॅड यांची वाट अधिक सोयीची.

टाकी उंच नव्हे, लांब घ्यावी. हवेसाठी वारंवार वर येणाऱ्या माशाला उंच टाकीत उगाच दमावे लागते. ४५ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच टाकीत काठोकाठ ४० लिटर पाणी मावते. काच आणि वाळू धरून वजन ५० किलोच्या आसपास जाते, तेव्हा खालचे टेबल मजबूत हवे. तळाशी चाळलेल्या, खत न घातलेल्या मातीचा दोन-अडीच सेंमी थर आणि त्यावर धुतलेल्या वाळूचा तेवढाच थर. लोहासाठी जांभ्याची थोडी भुकटी मातीत मिसळता येते. कोकणातल्या वाचकाला ती दारातच मिळेल. काळा दगड पाण्यात काही सोडत नाही. संगमरवर किंवा चुनखडी पाणी जड करते. दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फेस आला, तर तो वापरू नये.

रोपांत अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरीन आणि जावा मॉस ही कमी प्रकाशात जगणारी मंडळी भरवशाची. अनुबियास आणि जावा फर्न यांचे आडवे खोड वाळूत पुरले की कुजते. ते दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधायचे. क्रिप्टोकोरीनची पाने नव्या पाण्यात आठवडाभरात विरघळून जातात आणि माणूस रोप मेले समजून उपटून टाकतो. तसे करू नये. मुळे शाबूत असली की नवी पाने येतात. या कुळातली क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस आपल्याकडे पश्चिम किनारपट्टीवरही उगवते. सुरुवातीचे दोन महिने भराभर वाढणारी हॉर्नवर्टसारखी रोपे भरपूर असावीत, कारण ती अमोनिया शोषतात आणि शेवाळाला जागा देत नाहीत. दिवा रोज सहा ते आठ तास पुरतो. खिडकीतले थेट ऊन टाळावे.

घाई सर्वांत जास्त मासे मारते. नव्या टाकीत अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू नसतात. ते वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजावर रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. यालाच हौशी लोक ‘टँक सायकल होणे’ म्हणतात. या काळात रिकाम्या टाकीत चिमूटभर खाद्य टाकत राहावे; ते कुजून होणाऱ्या अमोनियावर जिवाणू वाढतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच मासा आणावा. जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर हा काळ कमी होतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन या जिवाणूंना आणि माशाच्या कल्ल्यांना घातक, म्हणून पाणी बदलताना अँटीक्लोरीनचे थेंब घालावेत. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलले की पुरे.

पाणी २५ ते २८ अंश सेल्सियस असावे. मुंबईत बहुधा हीटर लागत नाही. पुणे-नाशिकच्या हिवाळ्यात लागतो. फिल्टर साधा, हवेच्या पंपावर चालणारा स्पंजाचा, आणि पंपाची हवा व्हॉल्व्हने कमी केलेली. झाकण हवेच, कारण बेट्टा उडी मारतो. झाकणाखाली थोडी हवा राहू द्यावी.

शाळकरी मुले ज्याच्या बिया फोडून खातात, त्या देशी बदामाचे गळलेले, वाळलेले पान पाण्यात सोडायची थाई पद्धत इथे सहज पाळता येते. टॅनिनने पाणी चहासारखे होते आणि किंचित आम्ल बनते. ते घाण दिसते म्हणून काढू नये. बेट्टाचे मूळ पाणी असेच असते.

बेट्टा मांसाहारी आहे. फुलदाणीतल्या झाडाची मुळे खाऊन तो जगतो, ही निव्वळ अफवा. दिवसाला चार-सहा बारीक गोळ्या आणि अधूनमधून डासांच्या अळ्या द्याव्यात. दोन नर एकत्र ठेवू नयेत, माद्याही भांडतात. सोबतीला गोगलगायी चालतात, कोळंबीची पिल्ले मात्र तो खातो. छाटलेली रोपे नदीनाल्यात कधीच टाकू नयेत. जलपर्णीने पंचगंगेचे आणि मुळा-मुठेचे काय केले ते आपण पाहतो आहोत. छाटणी कुंडीतल्या मातीत घालावी.

बेट्टा दोन ते चार वर्षे जगतो आणि दुकानातला मासा बहुधा आधीच काही महिन्यांचा असतो. टँक त्याच्यामागेही टिकतो. मासा गेल्यावर गोगलगायींना थोडे खाद्य देत राहिले, तर जिवाणू जिवंत राहतात आणि पुढचा बेट्टा आयत्या, मुरलेल्या पाण्यात येतो.