किट बसवलेल्या चेतक-एलएमएलसाठी कार्बोरेटर घेण्याआधी

“किट (सीसी वाढवणारा मोठा सिलिंडर-पिस्टनचा संच) टाकलं, आता स्कूटरला कार्बोरेटर केवढा घालू?” हा प्रश्न काउंटरवर सतत येतो. बऱ्याचदा प्रश्नाबरोबर ऑनलाइन मागवलेला २८ एमएम गळ्याच्या कार्बोरेटरचा डबाही येतो, सील फोडलेला. म्हणून हे पत्रक.

कार्बोरेटरच्या गळ्यातून हवा जोरात गेली तरच ती जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यातून) पेट्रोल ओढते आणि त्याचा बारीक फवारा करते. इंजिनाच्या मानाने गळा मोठा झाला की हवेचा वेग पडतो. मग म्हापशाच्या बाजारात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी अडखळते, आयडलिंग धरत नाही, पिकअप मरतो. “जेट बदलून बघा,” असा आग्रह होतो. पण जेट बदलून गळा लहान होत नाही. यात आमची दुपार जाते आणि तुमचे पैसे.

१५० सीसीच्या मूळ इंजिनाला २० एमएमचा स्पाको कंपनीचा कार्बोरेटर पुरतो. १७७ सीसीचं किट आणि सायलेन्सर मूळचाच असेल, तर पुष्कळदा तोच कार्बोरेटर ठेवून मेन जेट वाढवला की भागतं. आमच्याकडे नवे कार्बोरेटर विकायला असूनही आम्ही हेच सांगतो. सायलेन्सर बदलला असेल, पोर्टचं (सिलिंडरमधल्या वायूच्या वाटांचं) काम केलं असेल, तर २४/२४ म्हणजे २४ एमएम गळ्याचा कार्बोरेटर घ्यावा. तो जागेवर बसतो, पण कार्बोरेटर बसतो त्या बॉक्सचं आणि क्रँककेसचं भोक त्याला जुळवून घासावं लागतं. नाहीतर मध्ये पायरी राहते आणि मोठ्या गळ्याचा फायदा तिथेच अडतो. रोटरी पॅडच्या (क्रँक फिरताना मिश्रणाची वाट उघडबंद होते, त्या क्रँककेसमधल्या गुळगुळीत जागेच्या) इंजिनात हे घासकाम जपून करायचं असतं. पॅडला ओरखडा गेला तर क्रँककेसच गेली. घरी कानस लावू नका.

जेटचं भोक सुईने किंवा ड्रिलने मोठं करून आणू नका. वर ११० लिहिलेलं आणि आत भलतंच, मग आम्ही हिशेब कशावर धरायचा? असा जेट आम्ही काढून टाकतो आणि नव्याने सुरुवात करतो.

गाडी ठेवून का घेता, असं विचारतात. आम्ही मोठ्या जेटपासून सुरू करून एकेक पायरी खाली येतो. दर वेळी गाडी महामार्गावर चौथ्या गिअरला पूर्ण रेसवर पळवायची, क्लच दाबून लगेच बंद करायची आणि प्लग बघायचा. तपकिरी हवा. पांढरा असेल तर मिक्श्चर लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, पिस्टन धरणारच (तापून सिलिंडरमध्ये अडकणारच). म्हणून येताना प्लग पुसून आणू नका, त्यावरच सगळं लिहिलेलं असतं.

चोर्ल्याचा घाट चढताना गाडी थोडी जड वाटली तर जेट लहान करून घेऊ नका. वर हवा विरळ असते. खाली उतरल्यावर तोच जेट लीन पडतो. पेट्रोलमध्ये जास्त ऑइल टाकणंही सुरक्षित नव्हे. ऑइलने पेट्रोलची जागा घेतली की जेटमधून येणारं पेट्रोल तेवढंच कमी होतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर पाइप आणि सील फुगतात, ते आम्ही सोबतच बदलून देतो.

सीसी वाढवली की आरसीवरचा तपशील जुळत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असा बदल चालवून घेत नाही. काम हाती घेण्याआधी आम्ही हे स्पष्ट सांगतो.

आमच्याकडून घेतलेल्या कार्बोरेटरचं पहिलं जेटिंग किमतीतच धरलेलं आहे. बाहेरून आणलेला आम्ही बसवतो, पण जेटिंगचे पैसे वेगळे. विकत घेण्याआधी किटचा डबा, सायलेन्सरचा फोटो आणि चालू प्लग घेऊन या. बघण्याचे पैसे लागत नाहीत.