इंदूरमध्ये ईपीएबीएक्ससाठी पीआरआय लाईन: अर्ज, कागदपत्रे आणि सेटिंग

आधी ईपीएबीएक्स (कार्यालयातले फोन बाहेरच्या लाईनशी आणि एकमेकांशी जोडणारे मशीन) बसवणाऱ्याला गाठा, मग टेलिफोन कंपनीकडे अर्ज करा. रामबागेतला दवाखाना असो की सियागंजातली पेढी, हा क्रम उलटला की लाईन येऊन पडते आणि मशीन मुके राहते.

आयएसडीएनचे, म्हणजे डिजिटल टेलिफोन जोडणीचे, दोन प्रकार: बीआरआय आणि पीआरआय. बीआरआयमध्ये ६४ केबीपीएसचे २ चॅनल आणि सिग्नलिंगसाठी (फोन लावण्या-तोडण्याच्या संकेतांसाठी) १६ केबीपीएसचा तिसरा. पीआरआयमध्ये एकाच २.०४८ एमबीपीएसच्या लाईनवर एका वेळी ३० जण बोलू शकतात. नवी जोडणी घेणाऱ्या संस्थेने पीआरआयचाच विचार करावा. कंपनी त्याऐवजी सिप ट्रंक (डेटा लाईनवरून चालणारी फोन जोडणी) सुचवू शकते. मशीनमध्ये फक्त ई-१ कार्ड (पीआरआय लाईन जोडायचे कार्ड) असेल, तर सिप ट्रंक त्याला जोडून देणाऱ्या गेटवेचा खर्च आधी विचारून घ्या.

अर्ज कोणतीही नोंदणीकृत संस्था, दुकान किंवा कंपनी करू शकते. खरी अट जागेची: तिथवर फायबर किंवा चांगली तांब्याची जोडी पोचते का, हे आधी तपासून घ्यावे. कागदांत नोंदणी प्रमाणपत्र किंवा गुमास्ता, पॅन, जागेचा पुरावा (वीजबिल किंवा भाडेकरार), सही करणाऱ्याचे ओळखपत्र आणि त्याला अधिकार देणारे पत्र किंवा ठराव. जीएसटी क्रमांक २३ ने सुरू होणारा, म्हणजे मध्य प्रदेशचाच द्या. मुख्य कार्यालय पुण्या-मुंबईत असलेल्या संस्था सवयीने २७ चा देतात, आणि इनपुट क्रेडिट अडकते.

आता सेटिंग. घोळ बहुतेक इथेच होतो, म्हणून कंपनीकडून चार गोष्टी लेखी घ्या: सीआरसी-४ (लाईनवरच्या चुका तपासण्याची पद्धत) चालू की बंद, सिग्नलिंगचा प्रकार, डीआयडी नंबरांचा (बाहेरून थेट एकेका टेबलावर लागणाऱ्या नंबरांचा) गट, आणि एक्सचेंज नंबराचे शेवटचे किती अंक पाठवणार. एक्सचेंजने चार अंक पाठवले आणि मशीन तीनचीच वाट पाहत असले, तर फोन चुकीच्या टेबलावर वाजतो किंवा वाजतच नाही. सगळ्यात फसवे म्हणजे क्लॉक, म्हणजे मशीन आणि लाईन यांचा वेग जुळवणारा ठोका. मशीनने तो एक्सचेंजकडूनच घ्यायला हवा. स्वतःच्या क्लॉकवर चालले तरी बोलणे ठीक वाटते, क्वचित टिक ऐकू येते, पण फॅक्स मात्र मध्येच तुटतो. दोष लाईनला दिला जातो आणि तक्रारी महिनोन्‌महिने फिरत राहतात.

साध्या फोनला वीज एक्सचेंजकडून मिळते. इथे मोडेम आणि मशीन तुमच्या विजेवर चालतात, म्हणून दोन्ही यूपीएसवर ठेवा, अर्थिंग नीट करून घ्या.

जोडणीच्या दिवशी मोबाईलवरून डीआयडीच्या पहिल्या आणि शेवटच्या नंबराला फोन लावा, दहा-बारा पानांचा फॅक्स पाठवा, आणि मगच जोडणीच्या कागदावर सही करा.