पावलाभोवती वाळू का सुकते?

गुहागरच्या वरच्या पाटात आमच्या आप्तांचे एक घर आहे. एरवी ते बंदच असते. दिवाळीनंतर आठ-दहा दिवस मात्र आम्हा पुणेकरांच्या ताब्यात येते. घरामागचे नारळी-पोफळीचे आगर ओलांडले की सुरूची झाडे लागतात, आणि त्यांच्यापलीकडे पाच-सहा किलोमीटर लांबीची, जवळजवळ सरळ रेषेत गेलेली पुळण एकदम समोर येते. फिरायला जायचे तर येथे मुख्यतः दोन वाटा आहेत: किनाऱ्याने दक्षिणेला असगोलीच्या दिशेने, नाहीतर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून मागच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर. गेल्या खेपेला आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्रफीत येऊन पडली. ओल्या वाळूवर अनवाणी चालले असता शरीरातील ‘नकारात्मक ऊर्जा’ तळपायांतून जमिनीत उतरते, असा तिचा दावा होता. आणि पुरावा म्हणून पाऊल टेकताच त्याच्याभोवती वाळूवर उमटणारे कोरडे, फिकट वलय दाखवले होते.

दावा निरर्थक असला तरी वलय खरे आहे. किनाऱ्यावर चाललेल्या प्रत्येकाने ते पाहिलेले असते आणि बहुतेकांच्या मनात त्याचे एक उत्तरही तयार असते: पावलाच्या दाबाने वाळूतील पाणी बाजूला पिळले जाते. स्पंज दाबावा तसे. हे उत्तर समंजस वाटते, परंतु ते चुकीचे आहे. स्पंज दाबला तर पाणी बाहेर येते आणि आजूबाजूचा भाग अधिक ओला होतो; येथे मात्र तो कोरडा पडतो. मग ते पाणी जाते कोठे?

त्यासाठी आधी पुळणीकडे चालणाऱ्याच्या नजरेने पाहावे लागेल. ओहोटीच्या वेळी पुळणीचे तीन पट्टे पडतात. सर्वांत वरची वाळू कोरडी आणि भुसभुशीत असते. पाय घोट्यापर्यंत रुततो आणि पुढे जाण्यासाठी मारलेल्या रेट्याचा मोठा भाग वाळू मागे ढकलण्यातच खर्च होतो. बेल्जियममधील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, कठीण जमिनीवर चालण्यापेक्षा त्याच वेगाने वाळूवर चालण्यास दुपटीहून अधिक ऊर्जा लागते. सर्वांत खालच्या पट्ट्यात लाटा अजून येत-जात असतात. या दोहोंच्या मध्ये, पाणी नुकतेच मागे हटलेला जो ओलसर, सपाट पट्टा असतो, तोच चालण्यासाठी उत्तम. तेथे पाय जेमतेम अर्धा बोट रुततो, सायकलीही आरामात जातात, आणि ते वलयही तेथेच सर्वांत स्पष्ट दिसते. घट्टपणा आणि वलय एकाच ठिकाणी आढळावेत, हा योगायोग नाही.

आता माझ्या आवडत्या मुद्द्याकडे वळतो. मापाने तांदूळ भरताना पायली नुसती ओतून भरली तर जितके मावतात, त्यापेक्षा ती हलवून, ठोकून भरली तर मूठभर जास्त मावतात. कण तेच आणि मापही तेच. कमी झाली ती कणांमधली रिकामी जागा. लाटा वाळूला नेमके हेच करतात. प्रत्येक लाट कण उचलते, हलवते आणि परतताना पुन्हा बसवते. हजारो वेळा असे ठोकून घेतल्यानंतर मधल्या पट्ट्यातील वाळू शक्य तितकी दाट बसते. एकसारखे गोल कण कसेही टाकून आणि ठोकून बसवले, तर त्यांनी व्यापलेली जागा सुमारे ६४ टक्क्यांपर्यंत जाते. उरलेल्या ३६ टक्के पोकळ्या असतात आणि आपल्या पट्ट्यात त्या पाण्याने काठोकाठ भरलेल्या असतात. वाळूचे कण तंतोतंत गोल किंवा एकसारखे नसतात, परंतु कल्पना येण्यासाठी हे आकडे पुरेसे आहेत.

फळवाल्याकडील संत्र्यांची रास आठवा. वरच्या थरातील प्रत्येक संत्रे खालच्या थरातील खळग्यात बसलेले असते. वरचा थर आडवा ढकलायचा असेल, तर प्रत्येक संत्र्याला आधी आपल्या खळग्यातून वर चढावे लागते. याचाच अर्थ असा, की दाट रचलेल्या कणांच्या राशीचा आकार बदलायचा असेल, तर तिला आधी फुगावे लागते. पाऊल वाळूवर पडते तेव्हा खालची वाळू केवळ दाबली जात नाही. ती बाजूला आणि वर सरकू पाहते, म्हणजे तिचा आकार बदलतो. कण एकमेकांवर चढतात, त्यांच्यामधील पोकळ्या वाढतात, आणि त्या भरण्यास पाणी मात्र तेवढेच असते. म्हणून पृष्ठभागावरील पाणी आत ओढले जाते. पाणी पिळले जात नाही. वाळू ते पिऊन टाकते.

ज्यांना आकडेमोड नकोशी वाटते त्यांनी हा परिच्छेद ओलांडला तरी चालेल. दहा सेंटिमीटर जाडीचा थर घेऊ. त्यात ६.४ सेंटिमीटर वाळू आणि ३.६ सेंटिमीटर पाणी आहे, असे समजू. कण थोडे विस्कटून वाळूचे प्रमाण ६४ वरून ६२ टक्क्यांवर आले, तर थराची जाडी ६.४ भागिले ०.६२, म्हणजे सुमारे १०.३ सेंटिमीटर होते. पोकळ्या आता ३.९ सेंटिमीटर आणि पाणी तेवढेच, ३.६. केवळ दोन टक्क्यांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर पाण्याची तूट निर्माण झाली. पृष्ठभागावर चकाकणारा पाण्याचा पापुद्रा याहून कितीतरी पातळ असतो. तो एका कणाच्या जाडीइतका जरी आत गेला, तरी गुळगुळीत आरशाऐवजी कणांचा खडबडीत पृष्ठभाग उघडा पडतो, प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि वाळू फिकट दिसते. ती खऱ्या अर्थाने सुकलेली नसते. वलयात नखाने ओरखडा काढून पाहा, लगेच खाली ओल सापडते.

कथा येथे संपत नाही, कारण आत ओढले गेलेले पाणी स्वस्थ बसत नाही. कणांमधल्या बारीक फटींत पाण्याचा पृष्ठभाग अंतर्वक्र होतो आणि पृष्ठताणामुळे आतील पाण्याचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. फटींची त्रिज्या मिलिमीटरचा विसावा भाग धरली, तर हा फरक सुमारे ३० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा भरतो. परिणामी बाहेरची हवा कणांना चहूबाजूंनी एकमेकांवर दाबून धरते. परदेशातील मुलांसाठी भाजणी किंवा तांदूळ हवा काढलेल्या पाकिटात बंद करून पाठवणाऱ्यांना हे लगेच उमगेल: पाकीट बंद असेपर्यंत विटेसारखे कडक असते आणि कोपरा कापताच आतील ऐवज मऊ पडतो. पावलाखाली वाळू क्षणभर त्या पाकिटासारखी होते. म्हणजे पाऊल आपल्याला लागणारा आधार स्वतःच्या आघाताने निर्माण करते. मात्र एकाच जागी उभे राहिलात, तर काही सेकंदांत शेजारचे पाणी झिरपत त्या पोकळ्यांत शिरते, वलय पुसले जाते आणि पाय हळूहळू खाली जाऊ लागतो. पाऊल उचलल्यावर आणखी एक गंमत दिसते. फुगलेल्या वाळूने आता जादा पाणी घेतलेले असते. भार जाताच कण पुन्हा खाली बसतात, ते पाणी वर येते आणि ठसा आजूबाजूपेक्षा अधिक ओला दिसतो. आधी कोरडे, मग ओले, असा हा क्रम आहे.

चित्रफितीच्या दाव्याचा निकाल लावण्यास माझ्या भाचीला पाच मिनिटे पुरली. तिने प्रथम पायांत रबरी चपला घातल्या. वलय आले. मग लाटांबरोबर आलेले एक फळकूट वाळूवर उभे दाबले. तरीही वलय आले. ‘‘मामा, या फळकुटाला कसलं टेन्शन असेल?’’ असे तिने विचारले, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. अनवाणी चालणे सुखाचे असते यात वाद नाही. परंतु त्या सुखाला ऊर्जेची बनावट परिभाषा जोडून शिबिरे भरवण्याचा जो उद्योग सध्या जोरात आहे, त्याला पुरावा म्हणून बिचारी वाळू वापरली जाऊ नये.

घरी आल्यावर ओटीवर आम्ही दुसरा प्रयोग केला. पातळ प्लॅस्टिकची बाटली वाळूने भरली, पाणी ओतले आणि वाळू दाट बसेपर्यंत बाटली जमिनीवर हलकेच ठोकली. वर थोडे रंगीत पाणी घालून त्याची पातळी पेनाने खुणावली. बाटली दोन्ही हातांनी दाबली की पाणी वर येईल, अशी घरातील सर्वांची पैज होती. ते खाली गेले. मग बाटली उलटसुलट करून वाळू सैल होऊ दिली आणि न ठोकता तशीच दाबली. तेव्हा मात्र पाणी वर आले. मूळ प्रयोग अर्थात आमचा नव्हे. मँचेस्टरमधील ओवेन्स कॉलेजचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली रबरी पिशवी आणि काचेची नळी घेऊन तो दाखवला होता. पावलाभोवती पांढरी पडणारी वाळू त्यांनी त्याच गुणाचे उदाहरण म्हणून सांगितली आणि त्या गुणाला ‘डायलेटन्सी’ असे नाव दिले. द्रवांच्या प्रवाहाचा अभ्यास करणारे विद्यार्थी ज्या ‘रेनॉल्ड्स अंका’शी झुंजतात, तोही याच गृहस्थांचा. पुढे मात्र त्यांना या कल्पनेचा इतका मोह पडला, की सारे विश्व अतिसूक्ष्म कणांच्या दाट राशीने भरलेले असून गुरुत्वाकर्षणही त्यातूनच निघते, असे त्यांनी १९०३ साली ग्रंथरूपाने मांडले. ते टिकले नाही. एका सुंदर यंत्रणेच्या प्रेमात पडून तिला सगळीकडे पाहण्याचा धोका थोरांनाही चुकत नाही, आणि हा लेख लिहिताना मलाही तो जाणवतो आहे.

बाटलीच्या दुसऱ्या प्रयोगातील सैल वाळू व्यवहारात फार महत्त्वाची आहे. दाट वाळू सरकताना फुगते. सैल वाळू सरकताना आक्रसते. पोकळ्या लहान होतात, पाण्याला निघून जाण्यास वेळ मिळत नाही, त्याचा दाब वाढतो आणि कण एकमेकांपासून सुटून पाण्यात तरंगू लागतात. जमीन काही काळ द्रवासारखी वागते. २६ जानेवारी २००१ रोजीच्या भूजच्या भूकंपात कच्छच्या रणामध्ये ठिकठिकाणी वाळू आणि पाणी जमिनीतून वर उसळले, ते याच कारणाने. खाडीच्या मुखाशी नुकत्याच साचलेल्या वाळूत पाय अचानक खोल जातो, तेथेही अशीच सैल रचना असते. म्हणून पुळणीवर निर्धास्त चालणाऱ्याने खाडीच्या तोंडाशी मात्र स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

मधला पट्टा सर्वांत रुंद कधी मिळेल, हे सांगण्याची कोकणातील जुनी रीत कोणत्याही ॲपइतकी सोपी आहे: तिथीची पाऊणपट करावी, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. यामागे चंद्राचे गणित आहे. चंद्राच्या सुमारे साडेएकोणतीस दिवसांच्या फेऱ्यात तीस तिथी असतात आणि तेवढ्यात भरतीची वेळ चोवीस तास पुढे सरकून मूळ जागी येते. म्हणजे प्रत्येक तिथीला ४८ मिनिटे. पाऊणपटीचा हिशेब ४५ मिनिटांचा आहे, त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटी तो पाऊण तासाने चुकतो. शिवाय मुंबईहून दक्षिणेला यावे तशी भरती थोडी लवकर येते. तोंडी हिशेबासाठी एवढी चूक क्षम्य म्हणावी. या गणितातून आपल्या किनाऱ्याचे एक भाग्य दिसते. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढत असल्याने उधाण येते आणि ओहोटीचे पाणीही सर्वांत दूर जाते. त्या दिवसांत येथे भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या आगेमागे असते. म्हणून ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास, नेमक्या फिरण्याच्या वेळी येते.

अष्टमीचा प्रकार उलटा असतो. भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट कमी जोराची, भरती सकाळी सहाला काठाशी असते आणि चालण्यास उरतो तो वरचा भुसभुशीत पट्टा. अशा दिवशी आम्ही पाखाडी धरून सड्यावर जातो. तेथील जांभा दगडाची गोष्ट वेगळी आहे: मूळ खडकातील सिलिका लक्षावधी वर्षांच्या पावसाने धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरली. चिरेखाणीतून नुकता काढलेला चिरा त्या मानाने मऊ असतो. उघड्यावर सुकू लागला की कठीण होत जातो. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळात या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून. भाचीने खाणीच्या कडेला ताज्या चिऱ्यावर खडा ओढून पाहिला, नंतर शेजारच्या जुन्या गडग्यावर, म्हणजे चिऱ्यांच्या कुंपणावर. ताज्या चिऱ्यावर खोल रेघ उठली, गडग्यावर खडाच झिजला. नऊ वाजून गेले होते. सड्याच्या कडेवरून खाली पाहिले तेव्हा सुरूच्या काळसर रांगेपलीकडे, लाटा आणि कोरडी वाळू यांच्या मध्ये, चकाकणारा अरुंद पट्टा नुकताच दिसू लागला होता.