इक्विनिक्स आणि अकामाई: दोघी इंटरनेटच्या पायात, पण मोजायचं माप वेगळं

इंटरनेटचं ट्रॅफिक वाढतच जाणार, तेव्हा ते वाहून नेणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेऊन दहा-पंधरा वर्षं विसरून जावं, असा विचार पुष्कळ जण करतात. विचार चुकीचा नाही, फक्त अर्धवट आहे. यादी करायला बसलं की इक्विनिक्स, डिजिटल रिॲल्टी, अकामाई, क्लाउडफ्लेअर, फास्टली ही नावं एका दमात येतात. सगळ्यांच्या सादरीकरणात जगाचा नकाशा असतो, नकाशावर ठिपके असतात आणि ‘आम्ही वापरकर्त्याच्या सर्वांत जवळ’ असा दावा असतो. मग एकीचा पी/ई (शेअरचा भाव दर शेअरमागच्या नफ्याच्या किती पट आहे ते माप) दुसरीच्या पी/ईशेजारी ठेवला जातो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

यातल्या पहिल्या दोन कंपन्या डेटा सेंटर चालवतात, म्हणजे सर्व्हर ठेवायला जागा, वीज आणि जोडणी भाड्याने देतात. उरलेल्या तिघी तशाच जागांमध्ये आपले सर्व्हर ठेवून लोकांच्या वेबसाइट, व्हिडिओ आणि ॲप पोहोचवतात; या कामाला सीडीएन (कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क) म्हणतात. म्हणजे पहिल्या गटाचं भाडं हा दुसऱ्या गटाचा खर्च आहे. ट्रॅफिक वाढलं तर काम दोघांचंही वाढतं, पण त्या वाढीतला पैसा कोणाकडे टिकतो याचं उत्तर दोन्हीकडे निराळं आहे, आणि शेअर दहा वर्षं सांभाळायचा असेल तर प्रश्न तेवढाच आहे.

आधी डेटा सेंटर. इक्विनिक्स १९९८ मध्ये सुरू झाली ती एका साध्या कल्पनेवर: कोणत्याही टेलिफोन कंपनीच्या मालकीची नसलेली इमारत उभारायची आणि सगळ्या नेटवर्कना तिथे येऊन एकमेकांना जोडून घ्यायला सांगायचं. आज तिची २६० हून जास्त डेटा सेंटर आहेत. इमारत, जनरेटर, कूलिंग हे सगळं पैसे असलेला कोणीही उभारू शकतो. खरी गोम आत आहे, आणि तिचं नाव क्रॉस-कनेक्ट.

क्रॉस-कनेक्ट म्हणजे एकाच इमारतीत एका ग्राहकाच्या सर्व्हरच्या कपाटातून दुसऱ्याच्या कपाटाकडे नेलेली फायबर केबल. लांबी फार तर काही दहा मीटर. एकदा टाकली की वर्षानुवर्षं तिच्याकडे पाहावं लागत नाही. पण तिचं भाडं दर महिन्याला लागतं, अमेरिकेत ते काही शे डॉलर असतं. अशा लाखो जोडण्यांमधून इक्विनिक्सला दरमहा मिळणाऱ्या उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा येतो. ग्राहक हे भाडं का देतो? कारण त्याला ज्या बँकेशी, ज्या क्लाउडशी, ज्या नेटवर्कशी बोलायचं आहे ते सगळे त्याच इमारतीत बसलेले असतात. शेजारच्या इमारतीत भाडं निम्मं असलं तरी तिथे ही मंडळी नाहीत. एक गेला तर त्याचंच नुकसान, आणि सगळे एकदम उठून जाणार नाहीत.

म्हणून ‘डेटा सेंटर कंपनी’ या एकाच पाटीखालीही सरमिसळ करू नये. एखाद्या बड्या क्लाउड कंपनीला डेटा सेंटरमधलं अख्खं दालन पंधरा वर्षांच्या कराराने देणं हा घाऊक धंदा आहे. त्यात करार मोठा, भाडेकरू भक्कम, पण क्रॉस-कनेक्ट जवळपास नाहीत आणि सौदा करताना वरचष्मा भाडेकरूचा. डिजिटल रिॲल्टीचा बराच धंदा या बाजूचा होता. २०२० मध्ये युरोपातली डेटा सेंटर कंपनी इंटरक्सियन घेऊन तिने जोडणीच्या बाजूला मोठं पाऊल टाकलं. २०२२ मध्ये जिम चॅनोस या नावाजलेल्या शॉर्ट-सेलरने (शेअर पडण्यावर पैसे लावणाऱ्याने) अशा डेटा सेंटर कंपन्यांविरुद्ध जाहीर बाजी लावली ती याच मुद्द्यावर: यांचे सर्वांत मोठे ग्राहक, म्हणजे ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट, हेच यांचे प्रतिस्पर्धी आहेत. त्या वर्षी हे शेअर पडले खरे, पण त्यात व्याजदरवाढीचा हात मोठा होता. पुढे एआयची मागणी आली आणि चित्र पालटलं. मुद्दा मात्र मोडीत निघालेला नाही. तो घाऊक बाजूला आजही जास्त लागू पडतो.

या दोन्ही कंपन्या रीट आहेत, म्हणजे मालमत्ता भाड्याने देऊन मिळालेलं उत्पन्न भागधारकांना वाटणाऱ्या खास प्रकारच्या कंपन्या; हे इथे समजून घेतलं नाही तर ताळेबंद वाचून डोकं फिरेल. इक्विनिक्स १ जानेवारी २०१५ पासून रीट आहे. अमेरिकी नियमाप्रमाणे रीटला करपात्र उत्पन्नाचा किमान ९० टक्के भाग भागधारकांना वाटावा लागतो. बदल्यात कंपनी पातळीवरचा प्राप्तिकर जवळपास टळतो. पण याचा अर्थ असा की वाढीसाठी पैसा घरात फारसा उरत नाही. २०२४ मध्ये इक्विनिक्सचं उत्पन्न सुमारे ८.७५ अब्ज डॉलर होतं आणि भांडवली खर्च सुमारे ३ अब्ज. हा पैसा बराचसा कर्ज काढून किंवा नवे शेअर विकून येतो. त्यामुळे ‘एकूण नफा इतका वाढला’ हे वाक्य इथे कुचकामी आहे. दर शेअरमागे काय वाढलं ते बघायचं. व्याजदर चढले की दुहेरी मार बसतो, कारण कर्ज महाग होतं आणि लाभांशासाठी हे शेअर धरणारे लोक सरकारी रोख्यांकडे वळतात.

आणि पी/ई तर सोडूनच द्या. इमारतींवरचा घसारा इतका मोठा असतो की निव्वळ नफा किरकोळ दिसतो आणि पी/ई अवाच्या सवा. म्हणून रीटवाले एएफएफओ (ॲडजस्टेड फंड्स फ्रॉम ऑपरेशन्स) नावाचा आकडा वापरतात: निव्वळ नफ्यात घसारा पुन्हा जमा करायचा आणि आहे ते चालू ठेवायला लागणारा खर्च वजा करायचा. ऐकायला रास्त आहे. मेख अशी, की कोणता खर्च ‘देखभालीचा’ आणि कोणता ‘वाढीचा’ हे कंपनीच ठरवते. जुनी बॅटरी बदलली, कूलिंग यंत्रणा नवी बसवली. हे देखभालीत धरलं तर एएफएफओ घटतो, वाढीत धरलं तर घटत नाही. मार्च २०२४ मध्ये हिंडेनबर्ग रिसर्च या शॉर्ट-सेलर संस्थेने इक्विनिक्सवर नेमका हाच आरोप केला. कंपनीच्या ऑडिट समितीने चौकशी करून हिशेब योग्य असल्याचं सांगितलं. कोण खरं यात न पडताही धडा उपयोगाचा आहे: दरवर्षीचा देखभाल खर्च उत्पन्नाच्या किती टक्के दाखवला आहे ते लिहून ठेवा, आणि इमारती जुन्या होत असताना तो घटत असेल तर कान टवकारा.

आता सीडीएन. हा धंदा समजायला अकामाईइतकं चांगलं उदाहरण नाही. एमआयटीतले टॉम लाइटन आणि डॅनियल लेविन यांनी ती १९९८ मध्येच काढली. ऑक्टोबर १९९९ मध्ये २६ डॉलरला शेअर विक्रीला आला, पहिल्याच दिवशी तो १४० च्या वर बंद झाला. पुढच्या काही आठवड्यांत ३०० ओलांडले. २००२ मध्ये तोच शेअर एक डॉलरच्या खाली मिळत होता. या काळात इंटरनेटचं ट्रॅफिक एकही वर्ष घटलं नाही, हे इथे ध्यानात घ्यावं.

सीडीएनचं काम असं: मजकुराची प्रत वापरकर्त्याजवळच्या सर्व्हरवर आधीच ठेवायची, म्हणजे प्रत्येक मागणी मूळ सर्व्हरपर्यंत जात नाही. ग्राहक पैसे मोजतो ते बहुतेक करून किती गिगाबाइट पोहोचवले त्यावर. आणि गिगाबाइट कोणाचाही सारखाच. मोठे ग्राहक एकाच वेळी तीन-चार सीडीएन वापरतात आणि मिनिटामिनिटाला स्वस्त व वेगवान असेल तिकडे ट्रॅफिक वळवतात. इथे क्रॉस-कनेक्टसारखं बांधून ठेवणारं काही नाही. करार नव्याने करायची वेळ आली की दर उतरतो. ट्रॅफिक वाढलं तरी दर तितकाच पडला तर उत्पन्न जागच्या जागी. दर फारच चढा वाटला तर बडा ग्राहक स्वतःचंच सीडीएन उभारतो. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये ओपन कनेक्ट जाहीर केलं आणि इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपन्यांच्या आवारात आपले सर्व्हर ठेवायला सुरुवात केली.

अकामाईच्या हिशेबात हे लख्ख दिसतं. मजकूर पोहोचवण्याच्या धंद्याचं उत्पन्न २०२२ मध्ये सुमारे १.६७ अब्ज डॉलर होतं, २०२४ मध्ये ते १.३२ अब्जांवर आलं. त्याच काळात सुरक्षेचा धंदा १.५ अब्जांवरून २ अब्जांच्या पुढे गेला. म्हणजे ज्या नावाने आपण तिला ओळखतो तो धंदा आटतो आहे आणि कंपनी त्यातून येणारी रोकड सायबर सुरक्षा आणि क्लाउडकडे वळवते आहे. २०२२ मध्ये सुमारे ९० कोटी डॉलरला घेतलेली लिनोड ही क्लाउड कंपनी त्याचाच भाग. अकामाई घेणारा आज प्रत्यक्षात सुरक्षा कंपनी घेतो आहे, तेव्हा तुलना सुरक्षा कंपन्यांशीच करायला हवी.

ज्यांना असं वळण घेता आलं नाही त्यांचं काय झालं? लाइमलाइट २००१ पासून या धंद्यात होती. २०२२ मध्ये एजकास्ट या दुसऱ्या सीडीएनशी एकत्र येऊन तिने एजियो हे नाव घेतलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. तिच्या ग्राहकांचे काही करार अकामाईने विकत घेतले. स्टॅकपाथ ही आणखी एक सीडीएन कंपनीही त्याच वर्षी मिटली. स्पर्धक कमी झाले म्हणजे उरलेल्यांना दर जरा सावरून धरता येईल, असा आशावाद यावर बांधला जातो. मला तो अर्धाच पटतो. ॲमेझॉनसारख्या कंपन्याही सीडीएन चालवतात, आणि त्यांना त्यात नफा मिळालाच पाहिजे अशी गरज नाही.

फास्टलीची गोष्ट वेगळ्या कारणासाठी वाचावी. मे २०१९ मध्ये १६ डॉलरला आलेला शेअर ऑक्टोबर २०२० पर्यंत शंभरच्या वर गेला होता. त्या वर्षी पहिल्या सहा महिन्यांतलं साधारण १२ टक्के उत्पन्न टिकटॉककडून होतं, आणि टिकटॉकवर अमेरिकेत राजकीय गंडांतर आलं होतं. कंपनीने ऑक्टोबरमध्ये तिमाहीचा अंदाज खाली आणला आणि शेअर एका दिवसात पाव हिश्शाहून जास्त पडला. डेटा सेंटरमधला १२ टक्क्यांचा भाडेकरू निघायला सर्व्हर उचलावे लागतात, करार संपायची वाट बघावी लागते. सीडीएनमधला ग्राहक ट्रॅफिक दुसरीकडे वळवतो आणि निघतो. म्हणून सीडीएनच्या वार्षिक अहवालात मी आधी उत्पन्न किती मोजक्या ग्राहकांवर टेकलेलं आहे ते सांगणारा परिच्छेद शोधतो.

त्यानंतर ढोबळ मार्जिन, म्हणजे सेवा पुरवण्याचा थेट खर्च वजा जाता उत्पन्नाचा उरणारा हिस्सा. २०२४ मध्ये फास्टलीचं ५४ टक्क्यांच्या आसपास होतं, क्लाउडफ्लेअरचं ७७. दोघी दिसायला एकच काम करतात, मग ही तफावत कुठून? क्लाउडफ्लेअर बऱ्याच ग्राहकांकडून गिगाबाइटमागे नाही तर वर्गणीप्रमाणे पैसे घेते, आणि सुरक्षा, डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा), प्रोग्रॅम चालवायची सोय असं सगळं त्याच सर्व्हरवरून विकते. सर्व्हर तोच, विकायच्या गोष्टी अनेक. मार्जिन ५० च्या घरात अडकलं असेल तर ती कंपनी अजून मुख्यतः गिगाबाइटच विकते आहे असं धरून चाला, सादरीकरणात ‘एज क्लाउड’ कितीही वेळा लिहिलेलं असो.

अर्थात क्लाउडफ्लेअरलाही डोळे झाकून घेता येत नाही. २०२४ मध्ये तिचं उत्पन्न १.६७ अब्ज डॉलर होतं आणि मुक्त रोकड (धंद्यातून आलेल्या रोकडीतून भांडवली खर्च वजा जाता उरणारी) सुमारे १६.७ कोटी. पण त्याच वर्षी कर्मचाऱ्यांना शेअरच्या रूपात दिलेला मोबदला या रोकडीच्या जवळपास दुप्पट होता. तो रोकडीतून जात नाही म्हणून मुक्त रोकड बरी दिसते. किंमत मात्र जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ होऊन चुकती होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये २०० डॉलरच्या वर असलेला हा शेअर वर्षभरात पन्नासच्या खाली आला होता, आणि त्या वर्षभरात धंदा जोमाने वाढतच होता. भाव वाढीच्या इतका पुढे पळालेला असला की असंच होतं.

एकेका बिघाडाला मात्र लोक नको इतकं महत्त्व देतात. ८ जून २०२१ रोजी एका ग्राहकाने आपली सेटिंग बदलली, फास्टलीच्या सॉफ्टवेअरमधला दडलेला बग जागा झाला आणि तिच्या नेटवर्कचा ८५ टक्के भाग मजकुराऐवजी एरर दाखवू लागला. ४९ मिनिटांत ९५ टक्के कारभार पूर्ववत झाला. बातम्या मोठ्या झाल्या, तरी ग्राहक तेवढ्यावरून पळत नाहीत. दर तिमाहीला हळूहळू उतरणारा गिगाबाइटचा दर बातमीत येत नाही, आणि गुंतवणुकीला तोच पोखरतो.

भागधारकाच्या हातात काय पडतं तिथेही दोन्ही गट उलट्या दिशेला तोंड करून उभे आहेत. इक्विनिक्स दर तिमाहीला लाभांश देते आणि दुसऱ्या हाताने नवे शेअर विकते. अकामाई लाभांश देत नाही. ती बाजारातून आपले शेअर परत घेते, आणि गेल्या दशकभरात तिच्या शेअरची संख्या १८ कोटींच्या आसपासवरून १५ कोटींच्या आसपास आली आहे. त्यावर खर्च झालेली रक्कम बघाल तर संख्या याहून जास्त घटायला हवी होती असं वाटेल. फरक कर्मचाऱ्यांना दिलेल्या नव्या शेअरमध्ये गेला.